गाडीतून उतरायचं नाही

आदरापायी माणसाचा जीव जाऊ शकतो, हे आमच्या लोकांच्या गळी उतरवायला आमच्या बाईमास्तर वा पॉला दोन हिवाळे लागले.

आम्ही करेन, म्हणजे ब्रह्मदेशातल्या डोंगरांमधली माणसं. आमच्यात मोठ्या माणसासमोर जायचं तर हात छातीवर दुमडून, पंजे काखेत घेऊन, मान खाली घालून जायचं. हे कोणी शिकवावं लागत नाही, आईच्या मागे चालता चालता अंगात येतं. आणि सैनिक, पोलीस, कोणी अंमलदार दिसला तर त्याला आपल्यापर्यंत येऊ द्यायचं नाही, आपण उठून त्याच्याकडे जायचं. तो चालत येणार आणि आपण ढिम्म बसून राहणार, हा उद्धटपणा झाला. अमेरिकेत नेमकं उलट आहे. पोलिसाने गाडी थांबवली की बसून राहायचं आणि हात दाखवायचे. तुम्ही उतरून, पंजे काखेत लपवून त्याच्याकडे निघालात तर त्याला वाटतं, काखेत पिस्तूल आहे.

शेजारच्या गावात आमचाच एक माणूस असा उतरला. कारखान्यातली पाळी संपवून घरी चालला होता बिचारा. त्याला रस्त्यावर पालथा पाडला, खांदा निखळला. बायको गाडीत बसून करेनमध्ये ओरडत होती, "अहो, तो मान देतोय तुम्हाला!" तिथे करेन कळणारं होतं कोण? गोळी सुटली नाही हे त्याचं नशीब. पण पुढच्याचं नशीब तेवढंच बलवत्तर असेल असं कोणी लिहून दिलंय?

ते झालं त्याच आठवड्यातल्या शनिवारी चर्चच्या तळघरातल्या आमच्या इंग्रजीच्या वर्गात दवाखान्याचा धडा ठरला होता. वा पॉ आली, तिने फळा पुसला, चार खुर्च्या दोन पुढे दोन मागे अशा मांडल्या आणि म्हणाली, "ही गाडी. बसा."

वा पॉ म्हणजे आमची थरामू. बाईमास्तरांना आम्ही थरामू म्हणतो. खरं तर ती माझ्याबरोबर टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात होती. एकाच पट्ट्यावर शेजारी उभ्या राहून आम्ही पंख कापायचो. आम्ही दोघी होतो त्या निर्वासितांच्या छावणीत ती इंग्रजी शिकली होती, आणि इथल्या वर्गासाठी ग्रंथालयाने नेमलेली गोरी बाई एका थंडीत कायमची उबदार गावी निघून गेली, तेव्हा वर्ग हिच्या गळ्यात पडला. डकोटाची थंडी आहे ती, त्या बाईला मी दोष देत नाही. मलाही पाय असते तर मीही पळाले असते, पण माझे गुडघे कारखान्याने ठेवून घेतलेत.

वा पॉच्या वर्गात व्याकरण फारसं नव्हतं, अडचणी होत्या. खोलीतला हीटर बंद पडला तर घरमालकाला कसं सांगायचं? आम्ही अडचण सांगताना हसतो, समोरच्याला ओशाळं वाटू नये म्हणून. ती म्हणायची, "हसलात तर त्याला वाटेल तुम्हाला थंडी आवडते. तोंड सरळ ठेवा. भिंतीवर तापमापक लावा, फोटो काढा, तो दाखवा." डॉक्टर काही म्हणाला आणि कळलं नाही, तर आम्ही मान डोलावून हो म्हणतो. त्यावर तर ती चिडायचीच.

"कळलं नाही तर काय म्हणायचं?" ती विचारायची.

"हो म्हणायचं!" मागून ला डो ओरडायचा.

ला डो हा वर्गातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात वात्रट विद्यार्थी. तोंडात कायम विडा. त्याला सगळे पाती म्हणायचे, म्हणजे काका.

"पाती, कळलं नाही म्हणायची लाज वाटते का?"

"वाटते की."

"वाटू दे. लाजेने ताप उतरत नाही."

तर त्या खुर्च्यांच्या गाडीत आम्ही बसायचो आणि ला डो पोलीस व्हायचा. हातात चर्चची मोठी विजेरी, डोक्यावर मुलाची टोपी. धाड धाड पाय आपटत यायचा आणि असा काही गुरगुरायचा की मागच्या खुर्चीतली ए थॉ, तिची पोर शेजारच्या खुर्चीत, दर वेळी दचकून उठायची. दर वेळी! पंजे काखेत आणि मान खाली. वा पॉ तिला खांदे धरून खाली बसवायची. मग सगळ्यांना इंग्रजीत विचारायची, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं.

"दार?"

"बंद!"

"हात?"

"दिसले पाहिजेत!"

"आणि आपण?"

"बसून!"

हे शनिवारामागून शनिवार चाललं. मला कंटाळा यायचा. मी एकदा म्हटलंही, "वा पॉ, आता झोपेतसुद्धा येईल हे आम्हाला."

"जागेपणी येतं का ते बघायचंय मला," ती म्हणाली. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

का नव्हतं ते मला ठाऊक होतं. पट्ट्यावर उभं असताना तिने एकदा मला सगळं सांगितलं होतं, माझ्याकडे न बघता, पंख कापता कापता. तिकडे डोंगरात ती गावाची प्रमुख होती. आमच्याकडे त्या काळात प्रमुखपण बायकांकडे आलं, कारण पुरुषाला प्रमुख केला की ब्रह्मी लष्कराचे सैनिक त्याला मारूनच टाकायचे. बाईला निदान बोलू द्यायचे. तुकडी येतेय अशी कुणकुण लागली की वा पॉ केळीचा घड घेऊन, हात दुमडून, एकटी गावाच्या वेशीवर जायची. त्यांना तिथेच थांबवायची, शिव्या खायची, तांदूळ देते म्हणायची, आणि तेवढ्यात मागच्या बाजूने गावातली तरणी माणसं रानात जायची. "ते आत शिरले की उशीर झाला," ती म्हणाली. "आपण आधी पोचलं पाहिजे." किती वर्षं तिने असं गाव राखलं! फक्त एकदा ती तापाने फणफणली होती आणि चटईवरून उठली नाही. त्या दिवशी सैनिक आत शिरले आणि तिच्या नवऱ्याला ओझी वाहायला घेऊन गेले. तो परत आला नाही.

"मी बसून राहिले ना," ती म्हणाली. मग पुढचा पंख उचलला.

मी तिला म्हटलं, ताप होता तुला. पण तिचा सुरा थांबला नाही. आमच्या पट्ट्यावर बोलायला फार वेळ नसतोच.

ला डोला अखेर गाडीचा परवाना मिळाला. किती वेळा नापास झाला त्याची मोजदाद त्याच्या बायकोनेही सोडून दिली होती. चौकात चारही बाजूंनी गाड्या थांबतात, जो आधी आला तो आधी जातो. पण ला डो सगळ्यांना हात करून आधी जाऊ द्यायचा, आणि जे अजून आलेही नाहीत त्यांचीही वाट बघायचा. परीक्षा घेणारा कंटाळून गेला. तरी परवाना मिळाला, आणि त्याच हिवाळ्यात ए थॉचीही गाडीची परीक्षा जिल्ह्याच्या गावी होती. ला डो म्हणाला, "माझ्या गाडीतून चला. थरामूंना पुढे बसवतो."

जाताना काही झालं नाही. ए थॉ पास झाली. परत निघालो तेव्हा दुपार संपत आली होती, बर्फ भुरभुरत होतं, आणि शेतांवर तो करडा उजेड उतरला होता ज्यात रस्ता आणि आभाळ एकच दिसतं. मागे मी आणि ए थॉ, मध्ये पोर तिच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेली, झोपलेली. ए थॉ म्हणत होती, "मूगा, आता बाजारात जाताना गाडी तुम्ही नाही, मी चालवणार." मूगा म्हणजे मावशी. मी म्हणत होते, "आधी माझा विमा उतरव."

आणि मागून ते दिवे लागले. लाल, निळे, लाल, निळे. बर्फावर सगळीकडे सांडले.

ला डोची पाठ ताठ झाली. पण शहाण्यासारखा त्याने दिवा दाखवला, कडेला घेतली, थांबला, काच खाली केली, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले. तोंडातला विडा त्याने तसाच गिळला. विड्याचं लाल तोंड बघून पोलिसाला रक्त वाटेल, असं वा पॉनेच त्याला शंभरदा बजावलं होतं. मी हात पुढच्या आसनाच्या पाठीवर ठेवले, ए थॉनेही ठेवले. सगळं खुर्च्यांच्या गाडीसारखं चाललं होतं. मला तर जरा अभिमानच वाटला.

मग बाहेर खडीवर बुटांचा आवाज आला.

आणि पुढचं दार उघडलं.

आधी मला कळेचना कोणाचं दार. गार वारा आत आला, आणि वा पॉ खाली उतरलेली होती. हात छातीवर, पंजे जाड कोटाच्या काखेत, मान खाली. ती त्याच्याकडे चालू लागली होती. घाईने नाही. जशी वेशीवर जात असेल तशीच.

"वा पॉ!" मी ओरडले. तिला ऐकूच गेलं नाही.

पोलीस जागीच थांबला. कोवळा पोरगाच होता, गाल थंडीने लाल झालेले. त्याचा हात कमरेकडे गेला. "हात! हात दाखवा मला!"

आमच्यात कोणी मोठा माणूस ओरडला की आपण आणखी वाकतो, हात आणखी घट्ट करतो. वा पॉ आणखी वाकली. पंजे आणखी आत गेले.

"हात बाहेर काढा! आत्ता!"

ती आणखी वाकली आणि एक पाऊल पुढे गेली. तो मागे सरकला आणि त्याने पिस्तूल उपसलं.

मी आजवर पुष्कळ घाबरलेय, पण तेव्हासारखी नाही. खाली उतरावं तर तो मलाही गोळी घालेल, नाही उतरावं तर तिला घालेल. ए थॉने पोरीवर स्वतःला पांघरलं होतं. आमचं इंग्रजी, दोन हिवाळ्यांचं इंग्रजी, कुठे गेलं कोणास ठाऊक.

तेवढ्यात ला डो ओरडला. हात चाकावरच, मान खिडकीतून बाहेर, त्याच्या त्या गुरगुरत्या पोलिसाच्या आवाजात नाही, तर वा पॉच्या आवाजात. तिच्यासारखा, शब्द तोडून, शेवट वर नेऊन, इंग्रजीत.

"दार?"

माझं तोंड आपोआप उघडलं. "बंद!" मी आणि ए थॉ ओरडलो.

बाहेर वा पॉचं पाऊल थांबलं.

"हात?" ला डो ओरडला.

आम्ही श्वास घेतला, पण आमच्या आधी ती बोलली. मान खालीच होती, आवाज कापत होता, पण वर्गात आम्ही अडखळलो की ती जसं पुढचं सांगते, तसंच तिने सांगितलं. "दिसले पाहिजेत."

आणि तिचे हात काखेतून बाहेर आले. दोन्ही पंजे उघडे, बोटं फाकलेली. त्यांच्यावर बर्फ पडत होतं.

पोलिसाने पिस्तूल खाली केलं, पण लगेच आत ठेवलं नाही. त्याचा श्वास मला गाडीतून दिसत होता, भकाभका. मग तो म्हणाला, "बाई, मी घाबरलो होतो. तुम्हाला कळतंय का? मी घाबरलो होतो." वा पॉ म्हणाली, "हो." तिला ते कळलं होतं की ती नुसतंच हो म्हणाली, ते मी आजही सांगू शकत नाही.

गाडीचा एक मागचा दिवा लागत नव्हता, एवढंच कारण होतं. त्याने ताकीद दिली, दिवा दुरुस्त करायला सांगितला आणि गेला. मग ला डो उतरला आणि रस्त्याच्या कडेला, गिळलेल्या विड्यासकट, पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकला. बर्फ लाल झालं. "बघा," तो तोंड पुसत म्हणाला, "आता आला असता तर म्हणाला असता, गोळी लागलीय ह्याला." कोणी हसलं नाही.

वा पॉ आपल्या जागी बसून समोर बघत होती. ती म्हणाली, "तो येत होता. आणि तुम्ही सगळी माझ्या मागे होतात."

पुढच्या शनिवारी ती वर्गाला आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिसऱ्या वेळी ला डो आणि मी तिच्या घरी गेलो. तिने चहा केला, मासळीची चटणी आणि भात पुढे ठेवला, आणि म्हणाली, "ग्रंथालयाला कळवलंय मी, दुसरं कोणी बघा म्हणून. जिला स्वतःला जमत नाही तिने काय कपाळ शिकवायचं?"

माझं डोकं फिरलं. "अगं, तू उतरलीस! तू! आणि गाडीत बसून कोण राहिलं? हा विडेखाऊ राहिला. ती ए थॉ राहिली, जी दोन हिवाळे खुर्चीतून टुणकन उठत होती. मी राहिले. आम्हाला कोणी शिकवलं, बर्फाने?"

"मला नाही जमणार, ता म्ला," ती माझं नाव घेऊन म्हणाली.

"मग शीक. फी लागत नाही."

ला डो भात खात होता. ताट बाजूला ठेवून म्हणाला, "थरामू, मी नापास होऊन आलो की तुम्ही काय म्हणायचा? पुढची तारीख घे. तुम्हीही घ्या."

त्या शनिवारी ती पुढच्या खुर्चीत बसली. ला डो विजेरी घेऊन पाय आपटत आला. ती उठली. आम्ही तिला बसवलं. तो पुन्हा आला, ती पुन्हा उठली. डोळे उघडे, पण ती आम्हाला बघत नव्हती. ए थॉने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला, तरी ती उठली आणि ए थॉचा हात तसाच हवेत राहिला. ला डोने टोपी काढली. "थरामू, मला नाही बघवत हे."

"पुन्हा ये," ती म्हणाली. "धाड धाड ये. हळू आलास तर काय उपयोग?"

दर शनिवारी, धडा संपला की शेवटी तेच. बर्फ वितळायला लागलं तरी ती उठतच होती, आणि मला रात्र रात्र वाटायचं की पुढचा पोलीस येईल तेव्हा गाडीत ला डो नसेल.

आणि तसंच झालं. वसंतात, नदीचं पाणी रस्त्यावर आलं होतं त्या आठवड्यात, मी तिला दवाखान्यात घेऊन चालले होते. गाडीत आम्ही दोघीच. पुलाजवळ मी जरा जोरात होते, कबूल करते, माझी सवयच आहे ती. मागे दिवे लागले.

मी कडेला घेतली, काच खाली केली, हात चाकावर ठेवले. "वा पॉ," मी म्हटलं.

तिने दोन्ही पंजे समोरच्या काचेखालच्या फळीवर ठेवले. मागे दार वाजलं. ओल्या खडीवर बूट वाजू लागले, आणि तिचं अंग थरथरायला लागलं. पाय गाडीच्या तळाला घट्ट रोवले होते. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण पंजे हलले नाहीत. मला तिला विचारायचं होतं, दार? हात? पण मी तिच्या पंज्यांकडेच बघत राहिले. बूट जवळ आले. तिचा एक पाय उचलला गेला, आणि तिने तो परत खाली ठेवला.

मी तिला सुऱ्यांच्या पट्ट्यावर बारा बारा तास उभी बघितलीय, छावणीच्या पुरात पाठीवर म्हातारी घेऊन चालताना बघितलीय. एवढं कष्टाचं काम करताना मी तिला कधी बघितलं नाही.

पोलीस खिडकीशी वाकला. वयस्क होता. माझे कागद घेतले आणि पलीकडे बघून म्हणाला, "त्यांना काही होतंय का? बरं वाटत नाही का त्यांना?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात वा पॉ बोलली. समोर बघत, स्पष्ट इंग्रजीत.

"मी बसले आहे," ती म्हणाली.

"हो, दिसतंय मला," पोलीस म्हणाला, आणि माझे कागद तपासू लागला.